पेंडीवर चोपडलेलं तेल

चौथ्या दिवशीही माशांनी खाद्याला तोंड लावलं नाही, तेव्हा कुठे घरात सुनेचं मत विचारलं गेलं.

मासळीची भुकटी मिळेनाशी झाली म्हणून सासऱ्यांनी शेंगदाण्याच्या पेंडीच्या गोळ्या करायला घेतल्या होत्या. हौदात अंड्यांसाठी राखलेल्या चाळीस माद्या होत्या, नऊ वर्षं जपलेल्या. त्या गेल्या तर पिल्लं नाहीत, आणि पिल्लं नाहीत तर बाकीची तळी नुसती पाण्याची.

"माहेरवाशिणी रुसल्यात," सासरे म्हणाले. "सूनबाई, तू लेकीला भरवतेस. एखादी युक्ती असेल की!"

होती. लेक औषध थुंकायला लागली की ती चमच्याला मध लावायची. "गोळ्यांना मासळीचं तेल चोपडून बघू या, बाबा?"

तेलाच्या गोळ्या पडल्या आणि हौद उसळला. नवरा म्हणाला, "झालं! बाबा आता मला घरी बसवून हिलाच हौदावर ठेवणार." ती दिवसभर मनातल्या मनात हसत होती.

दहाव्या दिवशी एक मादी कोपऱ्यात कलंडलेली सापडली. सुनेने तिचं पोट चिरलं. लालसर तपकिरी असायचं ते काळीज पिवळट पडलं होतं आणि त्यावर रक्ताचे बारीक डाग होते. ती तशीच पेंडीच्या कोठीत गेली. भिंतीकडच्या पोत्यांना खालून ओल आली होती. पेंड नाकाशी धरली तर वास फक्त तेलाचा. तो तिच्याच हातांचा होता. साबणाने दोनदा हात धुऊन तिने एक ढेप फोडली. आत हिरवट भुकटी होती, आणि बंद खोलीसारखा कुबट वास.

माशांना तो पहिल्याच दिवशी आला होता. चार दिवस उपाशी राहून ते तेच सांगत होते.

ती पळत सुटली. "बाबा, टाकू नका! पेंडीला बुरशी आहे!"

सासऱ्यांनी मूठ आवळली. "अगं, कशा तोंड वासून आल्यात बघ. वाईट असतं तर खाल्लं असतं का त्यांनी?"

"खात नव्हत्याच, बाबा. मी खायला लावलं."

त्यांनी मुठीतल्या गोळ्या काठावर टाकल्या. मग हळूच म्हणाले, "आधीची मूठ पडलीय गं पाण्यात."

तिने जाळी उचलली आणि काठावर गुडघे टेकून गोळ्या उपसायला लागली. पण सकाळपासून तळाशी सुस्त पडलेल्या माद्याही वासासरशी वर आल्या होत्या. जाळी पोचायच्या आत गोळी दिसेनाशी व्हायची. शेवटची तर तिच्या बोटांजवळून गेली.

पाणी स्थिर झालं. एकही मासा परत फिरला नाही. एकोणचाळीस तोंडं तिच्याकडे वळून उघडमीट करत राहिली.