कोयनानगरात ज्वारीची भाकरी

राजरत्न जतकडचा. कोयनानगरला वायरमन म्हणून लागला तेव्हा चोविशीतला होता. वसाहतीत एक खोली मिळाली, आणि जेवणाची सोय जवळच्याच एका खाणावळीत झाली. भाकरी-ताकावर वाढलेला माणूस. पण सकाळी पाव-मिसळ, दुपारी ताटभर भात आणि रात्री पुन्हा पावच, याची सवय लागायला फार दिवस लागले नाहीत. पोट तेवढं कधी जागेवर नसायचं.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात भूकंपाच्या धक्क्यांनी जमीन सारखी थरथरत होती. त्याच हिवाळ्यात त्याच्या कोपरांवर लाल चट्टे उठले. वर चंदेरी पापुद्रे. उन्हाळ्यापर्यंत ते मनगटं ओलांडून पंजांवर उतरले. एकदा जेवताना पापुद्रे टेबलावर गळले. दुसऱ्या दिवशी त्याचं ताट दाराजवळच्या स्टुलावर मांडलेलं होतं.

"तसं काय न्हाई रं गड्या," विश्वजीत म्हणाला. फलटणच्या बागायतदाराचा पोरगा, राजरत्नच्याच पाळीला असायचा. "पर बाकीची भ्यात्यात. लागंल म्हंत्यात."

राजरत्नच्या आजोबांना गावच्या हॉटेलात चहा बाहेर उभं राहून प्यावा लागे, तोही कान तुटलेल्या कपातून. आजोबा ते हसत सांगत. राजरत्नला कधी हसू आलं नाही. आता स्टुलापाशी बसून भात कालवताना त्याला राहून राहून वाटे, हे कातडीपायी, का आणखी कशापायी? विचारावं कुणाला? विचारलं तर कातडीपायीच म्हणतील. आणि ते खरंही असेल.

आठ दिवसांनी त्यानं खाणावळ सोडली. खोलीत पाव आणि लोणचं आणून ठेवलं.

वर्ष असंच गेलं. शेवटी सांगलीला एका डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाई वयस्कर होत्या. त्यांनी त्याचा पंजा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, बोटांनी चाचपला. वर्षभरात त्याच्या हाताला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. तो खिडकीकडे बघत राहिला.

"सोरायसिस आहे. कुणाला लागत नाही," बाई म्हणाल्या. "मलमानं दबेल, मुळासकट जाईल असं मात्र सांगत नाही. पोट कसं असतं?"

"बिघडलेलंच असतंय."

"आणि खाता काय?"

त्यानं सांगितलं. बाईंनी मान हलवली.

"आतड्यात कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. आपण जे खातो त्यावर तेही जगतात. ते बिघडले तर त्याचा त्रास कातडीपर्यंत पोचत असावा, असं काहीजण म्हणायला लागलेत. पक्कं अजून कुणालाच माहीत नाही. पण पूर्वीचं खाणं सुरू करून बघा, तोटा नाही. घरी कोण असतं?"

"आई. जतला."

"मग रजा काढा."

वैशाखातलं जत भाजून निघत होतं. पाण्याचा टँकर दोन दिवसांआड यायचा. त्याला बघून पारूबाई दारातच थबकली. "आरं, लोकांची पोरं नोकरीनं गुबगुबीत हुत्यात, तू तर सोलून निघालास की!"

मग तिनं त्याला चारायला सुरुवात केली. सकाळी ताकातली आंबील, दुपारी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी हुलग्याच्या पिठाचं गरम पातळ माडगं. जेवायला समोर बसायची, त्याच्याच ताटातला तुकडा मोडून खायची. तीन आठवड्यांत पोट जाग्यावर आलं, पापुद्रे पातळ झाले.

"बघ, माझ्या आंबिलीनं गुण दिला," पारूबाई म्हणाली.

ऊन होतं, मलम होतं, पुरती झोपही होती. कशानं गुण आला, राजरत्नला सांगता आलं नसतं. "व्हय आये," तो म्हणाला. "मला भाकरी शिकव. नायतर तूच चल तिकडं."

"शेरडं कुणाच्या गळ्यात बांधू?" ती हसली, पण पीठ मळायला त्याच्यापुढं परात सरकवली.

कोयनेला परतल्यावर पहिल्या भाकरीचे चार तुकडे झाले. आंबिलीचं पीठ तिथल्या दमट हवेत दोन दिवसांत कुबट वास मारायला लागलं. पण हात बसत गेला. दिवाळीपर्यंत पंजे स्वच्छ झाले. कोपरांवर तेवढे फिकट डाग उरले.

एका दुपारी तो खाणावळीत गेला, सरळ मोठ्या टेबलाशी बसला. कुणी लांब सरकलं नाही. विश्वजीतनं पाठीवर थाप मारली. "कुठं हुतास रं एवढं दिस? जेवायला दिसलाच न्हाईस!"

राजरत्ननं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खोटेपणा नव्हता. विश्वजीत खरंच विसरला होता. मंडळी बदल्यांविषयी बोलत होती, कुणीतरी त्याला आमटी वाढली. वर्षभर रोज मनात ज्यांच्याशी तो भांडला होता, त्यांना भांडणाची खबरच नव्हती.

"घरी हुतो," तो म्हणाला, आणि जेवला.

दुसऱ्या दिवशी तो तिकडे गेला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. कुणी बोलवायला आलं नाही. येण्यासारखं काही झालंही नव्हतं. खोलीत स्टोव्ह पेटवून तो दोन भाकरी थापी. एक गरम खाई, दुसरी रात्री ताकात कुस्करी.

माघात त्याच्या गुडघ्यावर नवा चट्टा उठला. कुणाला दिसण्यासारखा नव्हता. त्यानं मलम चोळलं, पँटचा पाय खाली ओढला, आणि पक्कड खिशात घालून ड्यूटीवर गेला.