सहा सेंटिमीटर

सीटच्या दांड्यावर मी पेन्सिलनं मारलेली रेघ सहा सेंटिमीटर वर सरकली होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या कडूबामामांनी बोल्ट आवळला.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. रोड बाइक घेतल्यापासून गुडघे दुखत होते. ती विकावी की ठेवावी, हे सहा महिने ठरत नव्हतं; तरी मामांना गिऱ्हाईक बघून ठेवायला सांगितलं होतं. क्रांती चौकात सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत, म्हणून सीट मीच खाली घेतली होती.

"म्हशीवर बसल्यावर पाय भुईला लागतात का, ताई?" मामा हसले. पिशोरला, त्यांच्या गावी, त्यांचं लहानपण गुरं राखण्यात गेलं होतं. "पेडल पार खाली न्या. त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला?"

"झाला."

"मग बरोबर हाय. सीट खाली असली की पाय दुमडलेला राहतो, गुडघा दुखणारच. थांबताना सीटवरून पुढं उतरायचं. बसून नाय थांबायचं."

मी चौकापर्यंत जाऊन आले. सिग्नलला पुढं उतरले, पडले नाही. गुडघ्यातली ओळखीची कळ आली नाही. एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी मामांचे आभार मानले.

"लई झालं. ते सायकल बघायला येणारं गिऱ्हाईक, त्याला काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा, मामा. सायकल मी ठेवतेय. रविवारी दौलताबादला जाणार."