डेकवरची कोरी बशी

मी एक जुनी शिडाची नौका आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण शाळेच्या सहलीला माझ्या डेकवर येऊन गेले असतील. अकरा वर्षं मी तुम्हाला एक गोष्ट दाखवत आले आणि ती चुकीची निघाली. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म खाडीच्या काठावरचा. सागाच्या फळ्यांवर सहा सुतार चौदा महिने राबले. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकला, वरून तेल दिलं आणि मला पाण्यात ढकललं. पहिल्या खेपेला मी कौलं वाहिली. नंतर मीठ, मग लाकूड, मग पुन्हा मीठ. सत्तावीस वर्षं हेच चाललं. माझे दोर काथ्याचे होते आणि शीड सुती होतं. दर दोन वर्षांनी दोर कुजायचे, आणि माझा तांडेल, म्हणजे मला चालवणारा मालक, त्यांना शिव्या देत नवे वळायला बसायचा.

मग खाडीवर पूल झाला. माल ट्रकनं जाऊ लागला. मला चिखलात ओढून ठेवलं ते सहा वर्षं. माझ्या पोटात खेकड्यांनी घर केलं. तांडेल अधूनमधून येऊन माझ्या फळीवर बसायचा. विकून टाकायचं म्हटलं तर जीव होत नाही आणि ठेवून उपयोग नाही, अशी त्याची गत होती.

सातव्या वर्षी समुद्राचा अभ्यास करणारी एक बाई आली. पुढं तिला सगळे ताई म्हणू लागले. तिनं माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "इंजिन आहे का हिला?"

तांडेल ओशाळला. "नाही हो. कधी बसवलंच नाही. जुनं धूड आहे."

"मग हीच हवी," ती म्हणाली. "इंजिन आलं की तेल गळतं, धूर येतो. मला पाण्यात काय काय पडतं ते मोजायचंय. मोजणाऱ्यानंच घाण टाकून कसं चालेल?"

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मीही ठेवलं होतं. फार अभिमानानं ठेवलं होतं.

माझी डागडुजी झाली. नवी डोलकाठी आली, नवं शीड आलं. दोर मात्र तांडेलानं स्वतः निवडून आणले. जाड, निळे, प्लास्टिकचे. बंदरावर उतरवून घेताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा कुजत नाही, पाणी पीत नाही, उंदीर याला तोंड लावत नाही. माझ्यामागंही राहील हा."

त्यानंतर सुरू झाली माझी दुसरी नोकरी. आठवड्यातून चार दिवस शाळेची मुलं यायची. वीस-वीस मुलं निळा दोर धरून उभी राहायची. तांडेल "ओढा" म्हणायचा, आणि दोर डोलकाठीवरच्या कप्पीतून करकरत खाली यायचा, शीड वर चढायचं. सकाळच्या उन्हात कप्पीखाली काहीतरी बारीक चमकत खाली उतरायचं. ते फार सुंदर दिसायचं. एकदा एका मुलीनं ती चमक झेलायला ओंजळ पुढं केली होती. आम्ही सगळे हसलो होतो.

मग एक अतिशय बारीक विणीची जाळी अर्धा तास माझ्यामागून पाण्यात ओढत न्यायची. जाळी वर घेतली की तिच्यातला गाळ डेकवरच बरणीत धुऊन काढायचा. मुलं पाळीपाळीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची आणि सांगायची, "ताई, निळे धागे." हो, दरवेळी निळे धागे. प्लास्टिकचे, केसाहून बारीक. दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा जास्त.

ताई कामाला फार कडक. रोज ती एका काचेच्या बशीत गाळलेलं पाणी घ्यायची. या बशीला ती कोरी बशी म्हणायची. शीड उभारायच्या आधीच बरणी डेकवर उघडी मांडलेली असायची; ती जितका वेळ उघडी, तितकाच वेळ ही बशीही उघडी ठेवायची. हवेतून, कपड्यांवरून, नौकेवरून जे काही पडतं ते बशीतही पडेल. मग तेवढं आपलं म्हणून मोजणीतून वजा करायचं. नियम चोख होता. फक्त डेकवर वारा असायचा आणि बशी उलटायची. पहिल्याच आठवड्यात दोन फुटल्या. म्हणून तांडेलानं सुचवलं की बशी खाली केबिनमध्ये, टेबलावर ठेवावी. ताईला ते सोयीचं वाटलं. बरणी वर, बशी खाली. अकरा वर्षं बशी कोरीच निघाली. ताई वहीत रोज लिहायची, 'नौका स्वच्छ.' ते दोन शब्द ऐकले की माझ्या फळ्या फुगायच्या.

मग धागे कुणाचे? समोरच्या काठावर मासेमारांची बेचाळीस घरं आहेत. त्यांची जाळी निळी. ताईनं तिथला एक तुकडा आणून बरणीतल्या धाग्याशेजारी ठेवला. रंग तोच, जाडी तीच. तिनं तसा अहवाल दिला. बंदर कार्यालयानं ठरवलं की निळ्या जाळ्यांना खाडीत बंदी घालायची. गुरुवारी माझ्याच डेकवर बैठक आणि तिथंच सह्या. नवी जाळी विणायला त्या घरांना अख्खा मोसम लागला असता, आणि तो मोसम त्यांनी हात बांधून बसायचं. तोवर मी सहलीच्या मुलांना घेऊन त्या काठाजवळून जायची. मुलं बोट दाखवायची, "ती बघा, ती जाळी."

त्या काठावर जाळी सांधणारे एक म्हातारे बसत. त्यांची सांधणी इतकी बारीक की सगळे त्यांना रफूआजोबा म्हणत. मी कौलं वाहायची तेव्हापासून, मी दिसले की ते हात वर करायचे. अहवालानंतर त्यांनी हात वर करणं सोडलं. एकदा नुसतंच ओरडून म्हणाले, "ताई, माझं जाळं एवढं सुटत असतं, तर मी मासे धरले असते की नुसतं पाणी गाळलं असतं?"

आकडे ताईच्या बाजूनं होते.

आता तो सोमवार. बैठकीला तीन दिवस होते. त्या दिवशी छत्तीस मुलं आली होती, आणि स्वयंपाक बघणाऱ्या मावशीला काकड्या चिरायला टेबल हवं होतं. तिनं बशी उचलली, वर आणली आणि डेकवर, कप्पीखालच्या खोबणीत, वाऱ्यानं हलणार नाही अशी घट्ट बसवून ठेवली. ताई तेव्हा नाळेपाशी, म्हणजे माझ्या पुढच्या टोकाला, मुलांना भरतीचं गणित समजावत होती.

परतल्यावर ताईनं बशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. बराच वेळ तिनं डोळा काढला नाही. मग हाक मारली.

"मावशी, बशीत काय धुतलं?"

"मी कशाला धुऊ? पाणीच होतं त्यात. टेबल अडवून बसली होती तुझी बशी, म्हणून वर नेऊन ठेवली. झाकण टाकायला हवं होतं का?"

"वर कुठं?"

मावशीनं बोट दाखवलं. ताईनं मान वर केली आणि कप्पीकडं बघितलं. नंतर दोराकडं. मग पुन्हा बशीत बघितलं आणि मोजायला लागली. तेवीस. तेवीस निळे धागे.

मित्रांनो, तरुणपणी मी एकदा खडकावर आदळले होते. पंधरा फळ्या फुटल्या. पण तेव्हा कुठं लागलं ते लगेच कळलं होतं. या वेळी मला कळेचना की धक्का कुठून आला. पाणी शांत होतं. मी धक्क्याला बांधलेली होते. आणि तरी माझी डोलकाठी मुळापासून थरथरत होती. ती चमक! त्या मुलीची ओंजळ! अकरा वर्षं, आठवड्यातून चार दिवस, मी स्वतःच्या अंगावरून ते धागे झाडत होते. बरणीत तेच पडत होते, आणि बरणीतून काढून मी ते तुम्हाला दाखवत होते, कुणाचं तरी पाप म्हणून.

तांडेल म्हणाला, "वाऱ्यानं आले असतील गं कुठून तरी."

ताईनं वाद घातला नाही. मंगळवारी मुलं नव्हती. तिनं दोन बशा घेतल्या. शीड न उभारता पहिली बशी कप्पीखाली अर्धा तास ठेवली. धागे दोन. मग तांडेलाला शीड उभारायला लावलं आणि दुसरी ठेवली. धागे एकतीस. दोराचा जो भाग कप्पीत घासत होता त्यावरून तिनं बोट फिरवलं. बोट निळं झालं.

तांडेल डेकवर बसला. त्यानं दोर मांडीवर घेतला होता. "एकही तुटला नाही अकरा वर्षांत," तो म्हणाला. "एकही नाही."

"तुटला नाही, तात्या," ताई त्याला म्हणाली. "झिजला."

"मग बदलू की. आज उतरवतो. गुरुवारी कुणाला काय कळतंय? पुढं बरोबर मोज. तुझी अकरा वर्षं आहेत ती, पोरी. त्यांच्यावर पाणी सोडशील?"

"माझी अकरा वर्षं," ताई म्हणाली. "त्यांची बेचाळीस घरं. आणि दोर उतरवू नका. गुरुवारी लागणार आहेत."

मावशी काकड्यांची टोपली घेऊन जिन्यात उभी होती. ती हळूच म्हणाली, "काखेत कळसा, म्हणतात ना. आपला तर डोक्यावर टांगलेला होता."

कुणी हसलं नाही.

गुरुवारी बंदर कार्यालयाचे साहेब आले, त्यांचे दोन कारकून आले, समोरच्या काठावरून सात जण आले. रफूआजोबा सगळ्यांत मागं बसले. साहेबांनी कागद काढले, पेनाचं टोपण काढलं. ताई म्हणाली, "सहीच्या आधी एक काम करा. हे शीड उभारा."

"मी?"

"तुम्हीच. म्हणजे कुणी हातचलाखी केली असं व्हायला नको."

साहेबांनी कोट काढून कारकुनाकडं दिला आणि दोर धरला. त्यांना ते जमत नव्हतं. तांडेलानं सवयीनं "ओढा" म्हटलं आणि मग तोच खाली मान घालून उभा राहिला. दोर करकरला. खाली बशी होती. ऊन होतं. चमक उतरली, नेहमीसारखीच सुंदर.

सूक्ष्मदर्शक हातोहात फिरला. साहेबांनी बघितलं आणि पेनाचं टोपण परत लावलं. शेवटी सूक्ष्मदर्शक रफूआजोबांकडं गेला. ते बराच वेळ बघत होते.

"हा माझ्या जाळ्यासारखाच दिसतो," ते म्हणाले.

"म्हणूनच फसले मी."

"म्हणजे आमची जाळी सुटली यातून?"

सगळ्यांनी ताईकडं बघितलं. "हो" म्हटलं असतं तर तिथंच सगळं गोड झालं असतं. ताई म्हणाली, "आजोबा, तुमच्या जाळ्यांचा एकही धागा पाण्यात नाही, असं मी म्हणत नाही. आहेत की नाहीत, मला माहीत नाही. अकरा वर्षं मला ते माहीत होतं असं मी सांगत आले. तेवढं खोटं होतं. तो अहवाल मी मागं घेते."

रफूआजोबा उठले. जाताना तांडेलाजवळ थांबले. "पूर्वी काथ्याचे होते ना रे तुझे दोर?"

"कुजायचे ते."

"तेच म्हणतो मी. कुजायचे."

बंदी झाली नाही. वर्तमानपत्रात माझं नाव आलं, दोन ओळी, चांगल्या नव्हेत. चार शाळांनी सहली रद्द केल्या. तांडेलानं निळे दोर स्वतःच्या हातानं उतरवले आणि तीन आठवडे काथ्याचे वळत बसला. या वेळी शिव्या दिल्या नाहीत. ताईनं नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'वर्ष पहिलं.' केस पिकायला लागलेल्या माणसानं हे दोन शब्द लिहिणं सोपं नसतं. मी बघत होते.

मुलं आता पुन्हा येतात. काथ्या हाताला टोचतो म्हणून कुरकुर करतात. डेकवर कप्पीखाली तांडेलानं लाकडाची एक चौकट ठोकली आहे, तिच्यात कोरी बशी बसते. परवा एका मुलानं विचारलं, "ही बशी कशाला?"

"ही नौकेची," ताई म्हणाली. "आधी हिची बघायची. मग समुद्राची."

बरणीत निळे धागे अजून सापडतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. ते कुणाचे, हे वर्ष पाचवं-सहावं उजाडल्यावर कळेल. काही माझेच असणार. मी जे पाण्यात सोडलं ते पाण्यातच आहे, ते कुणी परत माझ्या दोरात विणून देणार नाही.

समोरच्या काठाजवळून जाताना मी रफूआजोबांकडं बघते. ते सुईतून मान वर काढतात, मला बघतात आणि पुन्हा खाली घालतात. हात अजून वर होत नाही. तो होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मला माहीत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. समुद्र तुम्हाला जपायचाच आहे, जरूर जपा. घाण कुणाची ते शोधा, बोटही दाखवा. पण त्याआधी स्वतःची बशी मांडा, आणि ती जिथं ठेवायला सोयीची आहे तिथं नको, जिथं खरंच काही पडेल तिथं मांडा. सकाळी ताई बशीवर वाकते आणि मोजलेला आकडा मोठ्यानं सांगते. आजचा आकडा एक होता.