उभ्यानं येतो

गोदामामीची सगळी तयारी एका खिडकीसाठी होती.

तिचं माहेर अकोटचं. धाकटी बहीण सत्यवती अजून तिथेच राहते. अमरावतीहून मुंबईला विमान सुरू झाल्यापासून मामीच्या डोक्यात एकच गोष्ट: वरून माहेर बघायचं. सत्यवतीमावशी गच्चीवर लाल साडी पसरून उभी राहणार आणि मामी विमानातून ती पाहणार, असं दोघींचं फोनवर ठरलं होतं. मुंबईत आरतीकडे, म्हणजे लेकीकडे जायचं, हे निमित्त.

तिकिटं काढली मी, एम.एस्सी. झालेल्या भाचीनं. अकोट वाटेच्या उत्तरेला पडतं, म्हणून उजव्या बाजूची खिडकी घेतली. तेवढ्या लांबून साडी दिसणं माणसाच्या डोळ्याला शक्य नाही, हेही मी गणित करून पाहिलं होतं. ते कोणाला सांगितलं नाही. फक्त खिडकी नत्थुजीमामांच्या नावावर निघाली. आत गेल्यावर जागा बदलून घेऊ, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

विमानतळावर आमचे बोर्डिंग पास झाले. आम्ही खुर्च्यांवर बसलो, तेवढ्यात काउंटरवर आवाज चढला. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई, दामिनी तिचं नाव, तिकीट पुढे करून विचारत होती, "पैसे घेतले तवा जागा होती, आता काहून नाही?" काउंटरवरच्या मनोज नावाच्या तरुणानं घाम पुसला आणि सगळ्यांना विनंती केली: विमान भरलंय, कोणी स्वखुशीनं जागा सोडेल का?

"भरलं तर तिकीट कसं इकलं, वर्षाली?" मामांनी मला विचारलं.

"काही जण दर वेळी येत नाहीत, मामा. म्हणून कंपन्या जागांपेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात. संभाव्यतेचं गणित असतं."

"म्हंजे आपून येनार नाही, यावर या लोकायनं डाव लावला?"

"साधारण तसंच."

"आमच्या शेंदूरजन्याले एक संत्र्याचा बगीचा दोन व्यापाऱ्यांले इकला तर लोक जोडे घेऊन येतात."

मी आवाज खाली आणला. "नीट ऐका. हात वर करायचा नाही. जबरदस्तीनं मागे ठेवलेल्या प्रवाशाला भरपाई नियमानं ठरलेली आहे. आपणहून जागा सोडली, तर ते कबूल करतील तेवढंच मिळतं."

"समजलं," मामा म्हणाले. तेवढ्यात दामिनीचं लेकरू रडायला लागलं आणि मामा ताडकन उठले.

"ये बाई, माह्या जागेवर बस तू. मी येतो उभ्यानं."

मनोजनं उभ्यानं वगैरे ऐकलंच नाही. मामांचा पास घेतला, की-बोर्डवर बोटं चालवली आणि दामिनीच्या हातात नवा कागद दिला. मग मान वर करून म्हणाला, "काका, तुमची पुढची फ्लाइट परवा."

"परवा कावून? मी याच गाडीनं येतो ना."

"विमानात उभं राहता येत नाही, काका."

"अकोटच्या एसटीत मी परतवाड्यापासून उभा जातो. एका हातात पिशवी रायते. हे तर त्याच्याहून लवकर पोचते!"

मी पुढे झाले. "यांची संमती धरता येणार नाही. उभ्यानं जाता येईल, या समजुतीवर त्यांनी जागा दिली."

"मॅडम, विमानात उभं राहून जाता येतं, असं कोणाला वाटेल?"

रांगेतल्या दोघा-तिघांनी जमिनीकडे पाहिलं.

तेवढ्यात मामीला उलगडा झाला. "आवो आरतीचे बाबा! कोन्ती जागा देली तुमी? माही खिडकी वाटून टाकली?"

मामांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "मामा, फक्त परत मागा. ती तुमचीच आहे."

त्यांनी लेकराकडे पाहिलं. ते आता बोर्डिंग पास चघळत होतं. "देल्ली जागा वापस मांगू? तोंड कसं दाखवू मी?"

"तिकडं सत्यवती उन्हात उभी हाये!" मामी कडाडली. "तिले कोन्तं तोंड दाखवू?"

मनोज घाईघाईनं म्हणाला, "काका, जागा सोडल्याबद्दल आम्ही काहीतरी देतो ना. काय हवं, सांगा."

"हिले खिडकी द्या."

"मामा, थांबा!" मी ओरडले. "खिडकी उजवीकडची. शिवाय परवाचं तिकीट कायम ठेवा आणि येतानाचं फुकट द्या. आणि सगळं लिहून."

दामिनी म्हणाली, "घ्या ना मावशी खिडकी, याले बी मधल्या वाटेजवळच बरं. सारखा उठते."

लिहून होईपर्यंत विमानाला बराच उशीर झाला. मामीनं नवऱ्याकडे न पाहता पिशवी उचलली. "या तुमी उभ्यानं."

आम्ही वर गेलो. मामीनं नाक काचेला लावलं. खाली काळी शेतं, मधूनच एखाद्या नाल्याची रेघ, लांब सातपुड्याची निळसर कड. "दिसली!" मामी किंचाळली. "लाल! थे पाह्य!" मी पाहिलं. धूसर होतं सगळं.

मुंबईत उतरल्यावर मावशीचा फोन मी घेतला. "सांगू नको तिले," ती म्हणाली. "विमान आलंच नाही लवकर. इतल्या उनात कोन उभं रायते? मी साडी घडी करून खाली आली, वांगे टाकले चुलीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आरतीच्या दारात मामा आले. डोळे लाल, सदरा चुरगळलेला. परवाच्या विमानाची वाट न बघता बडनेऱ्याहून रात्रीची रेल्वे धरली होती, जनरल डब्यात.

मामीनं पाणी दिलं. रात्रभर धरून ठेवलेला राग बोलण्यात आणायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. "साडी दिसली मले," ती म्हणाली. "साफ दिसली. काठासगट."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी आरतीच्या स्वयंपाकघरात साखर शोधायला लागले.

"बसा ना बाबा," आरती खुर्ची ओढत म्हणाली.

"बसतो बापा," मामा म्हणाले आणि मांड्या चोळत हळूहळू खाली टेकले. "पन त्या काउंटरवरच्या पोट्ट्याले सांगजा, वर्षाली, मी उभ्यानंच आलो. जमते."