रक्ताच्या थाळीतला फेस

सकाळी अकराला वॉर्डातून प्रयोगशाळेत फोन आला: आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा ताप औषध देऊनही चढतोच आहे.

फोन घेणाऱ्या तंत्रज्ञबाईंचा तो थोरला दीर. त्याच्या रक्तातला जंतू काल त्यांनीच ओळखला होता: त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकॉकस. औषध त्यावरचंच चालू होतं.

बाईंनी कालची काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. जांभळे गोल ठिपके द्राक्षांच्या घडासारखे दिसायला हवे होते. हे जोड्या-जोड्यांनी उभे होते.

"अण्णा, जरा बघता?"

शेजारच्या टेबलावरचे अण्णा निवृत्तीला टेकलेले. त्यांनी डोळा लावला. "हा कसला स्टॅफ! पेरॉक्साइड टाकून बघितलंस?"

"बघितलं. स्टॅफसारखंच चांगलं फसफसलं."

"जंतू कुठल्या थाळीतून उचललास?"

बाईंनी कालची थाळी पुढे ओढली. उचलला होता जंतू वाढवायच्या, रक्त घातलेल्या थाळीतून. घाईत सुईने थाळीच खरवडली असणार, आणि रक्त पेरॉक्साइडच्या थेंबात आपलं आपण फसफसतं. नव्याने येणाऱ्यांना हे त्याच शिकवत.

"घरचं माणूस म्हणून घाई केलीस," अण्णा म्हणाले. "घरच्याच माणसाला भोवली."

बिनरक्ताच्या थाळीतून बाईंनी पुन्हा जंतू घेतला. थेंब टाकला. एक बुडबुडा नाही. पित्त घातलेलं माध्यम दुपारपर्यंत काळं कुळकुळीत झालं. पित्तातही वाढून ते असं काळं करणारा जंतू, म्हणजे एन्टेरोकॉकस. चालू औषधाला तो भीक घालत नाही.

डॉक्टरांना फोन करून त्या सरळ म्हणाल्या, "कालचा रिपोर्ट चुकला. माझ्या हातून." डॉक्टरांनी नव्या जंतूचं नाव लिहून घेतलं. मग, "औषध बदलतो."

दारात जाऊबाई उभ्या होत्या. "सापडला का गं चोर?"

"सापडला, ताई. घरातलाच निघाला. आपल्या आतड्यात असतो, एरवी गरीब गाय. टाके घातले तिथून रक्तात शिरला."

"मग काल कुणाला धरलं होतंस?"

"भलत्यालाच. माझी चूक झाली."

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. "आता तरी नीट बघितलंस ना?"

"तीनदा."

नवं औषध सुरू झालं. ते या जंतूला मारतं की नाही, हे ज्या थाळीवर कळणार ती संध्याकाळी उबेच्या पेटीत गेली; निकाल उद्या. वॉर्डातल्या शेवटच्या नोंदीत ताप एकशे तीन आहे.