हलू नका हं, आजोबा

आमच्या ह्यांच्या सज्जनपणाला मी आयुष्यभर वैतागले. पण तो सज्जनपणा एक दिवस त्यांच्याच जिवावर उठेल असं काही वाटलं नव्हतं.

कुणी काही बोललं की हे मान डोलावतात. समोरचा कोण, काय म्हणतोय, काही देणंघेणं नाही. बसस्टँडवर घोषणा झाली तरी डोलावतात. एकदा रेडिओवरच्या बातम्यांना इतकी डोलावली, की शेजारचं मांजर समोर येऊन बसलं आणि तेही डोलायला लागलं. खोटं वाटत असेल तर आमच्या वन्संना विचारा. त्या नाहीच म्हणतील, पण विचारा.

तर ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली, मान तेवढी शाबूत राहिली. उत्तर द्यायला तीच एक उरली म्हटल्यावर काय विचारता!

डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज चढतेय. मेंदू पलीकडे ढकलला गेला असेल, तर कवटीचं हाड काढून जागा करून द्यावी लागेल. नसेल तर औषधावर थांबता येईल. आजचा स्कॅन बघितल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही."

काचेपलीकडे बांगडीसारखं भलंमोठं यंत्र. ह्यांचं डोकं खोबणीत बसवलं, कानांशी स्पंज, कपाळावरून पट्टा. स्कॅन काढणारी मुलगी काचेच्या अलीकडे आमच्यापाशी येऊन बसली आणि माइकवर गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, अजिबात हलू नका हं."

ह्यांनी मान डोलावली.

पडद्यावर मेंदू कसा दिसला? हिंदकळत्या बादलीतल्या चंद्रासारखा.

"आजोबा, हलायचं नाही. कळलं ना?"

पुन्हा डोलावली. कळलं होतं ना!

तिने आत जाऊन पट्टा आवळला. ह्यांनी पट्ट्याच्या आतल्या आत डोलावली.

"अगं बाई, तू विचारूच नकोस त्यांना काही," मी म्हटलं. ती गप्प बसली. यंत्र घुरघुरायला लागलं. तर यंत्रच काहीतरी विचारतंय असं समजून ह्यांनी त्यालाही हो म्हटलं.

"झोपेचं इंजेक्शन देता येईल का?" मुलीने डॉक्टरांना विचारलं.

"नको. मग गुंगी सुजेची की औषधाची, ते मला कळणार नाही."

वन्सं कौतुकाने म्हणाल्या, "माझा भाऊ लहानपणापासून असाच. कुणाचं मन मोडत नाही."

"मन मोडत नाहीत, माझं डोकं फोडतात!" मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "अजून एकदा बघू. नाहीतर अंदाजाने ठरवावं लागेल."

अंदाजाने! कवटी म्हणजे काय कलिंगड आहे? माझं टाळकंच सटकलं. मुलीच्या हाताखालचा माइक ओढला आणि बटण दाबलं.

"अहो! प्रेशरच्या गोळ्या रोज घेतो म्हणत होतात ना? काल कुंडी उकरली मी. सगळ्या गोळ्या मातीत! ते झाड इतकं थंड पडलंय की वादळ आलं तरी त्याचं पान हलायचं नाही!"

"वहिनी!" वन्सं किंचाळल्या. "माणूस कुठे पडलाय आणि तुम्ही काय बोलताय!"

"तुम्ही मधे बोलू नका, वन्सं. आणि अहो, 'मला काही होत नाही' म्हणायचं, आणि कोसळायचं कुठे, तर न्हाणीघराच्या दारात! मी काय क्रेन आहे? तुम्हाला उचलायला कुणाला हाका मारत होते, ठाऊक आहे? तुम्हालाच! 'अहो, इकडे या, हे पडलेत' म्हणून तुम्हालाच ओरडत होते मी!"

माझा आवाज फाटला. मुलगी मागून कुजबुजली, "आजी, थांबू नका. बोलत राहा."

पडद्याकडे पाहिलं, तर मेंदू कसा स्वच्छ, घडी केल्यासारखा. आणि हे? ओंडका!

"हे कसं काय?" मुलगी थक्क झाली.

"मी चिडले की हे असेच पडून राहतात. एकदा मी इतकी चिडले होते की माझं बोलणं संपेपर्यंत कोळ्याने ह्यांच्या कानापासून खुर्चीपर्यंत जाळं विणलं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी काल हे बेशुद्ध असताना काढलेला फोटो आणि आजचा फोटो शेजारी शेजारी लावला. "सूज वाढलीय," ते म्हणाले. मी खुर्चीची पाठ धरली. मग त्यांनी मधल्या रेघेवरून सावकाश बोट फिरवलं. "पण ही रेघ जागेवर आहे, म्हणजे मेंदू पलीकडे ढकललेला नाही. आज ऑपरेशन नाही. औषधं चालू ठेवू, उद्या सकाळी परत स्कॅन."

वन्सं रुमालात नाक शिंकरत होत्या. आता ह्या मला झाडणार, म्हणून मी तयारीतच होते. तर बाई जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, उद्या माइक मला द्याल? ह्याने माझी नवी सायकल कुणाला तरी देऊन टाकली होती, नाही म्हणवलं नाही म्हणून. ते बोलायचं राहिलंय."

मी म्हटलं, "रांगेत या, वन्सं. माझा अजून अर्धा संसार बोलायचा बाकी आहे."