पेवातली मम्मी

मित्रांनो, जरा पायाखाली बघून उभे राहा. लिंबाच्या बुडाशी हा चौकोनी दगड दिसतोय ना, त्याच्याखाली माझं तोंड आहे. मी एक जुनं पेव आहे. पेव म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसणार आणि उरलेल्यांना विहीर वाटणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. जमिनीच्या पोटात धान्य साठवायची जागा म्हणजे पेव. माझं तोंड इतकं लहान की एक माणूस अंग चोरून आत उतरेल, आणि पोट इतकं मोठं की पंचवीस पोती ज्वारी गिळून मी ढेकरही देत नसे. तोंड लहान असल्यामुळे मला कधी बोलायची सवय लागली नाही. आज बोलतोय ते ऐकून घ्या.

बेंबळीपासून दोन कोसांवरच्या या लहान गावात मला खणलं ते इथल्या शाळेतल्या बलभीम गुरुजींच्या आजोबांनी. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मुरूम एवढा घट्ट की कुदळ टणकन उडायची. नऊ दिवस ते खाली आणि त्यांचा घाम माझ्यात. मग आतून शेणमातीनं लिंपलं, गोवऱ्या पेटवून मला खरपूस भाजलं, तळाला आणि भिंतींना कडब्याच्या पेंढ्या लावल्या आणि पहिली ज्वारी ओतली. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पुन्हा कधी झाला नाही, असं म्हणणार होतो. पण एकदा झाला. तीच गोष्ट सांगायची आहे.

माझी मालकीण धुरपदाबाई. बाई बुटकी, आवाज मात्र तीन गल्ल्यांत पोचणारा. मला भरायचं, झाकायचं आणि उघडायचं हे काम तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती कधी दिलं नाही. पाहुणे आले की मला दाखवायला अंगणात घेऊन यायची. पाहुणे बिचारे एका दगडाकडे बघून मान डोलवायचे आणि मी खाली फुगून जायचो.

एका सुगीला पीक चांगलं आलं. तिनं मला गळ्याखाली पुरुषभर जागा सोडून भरलं, गळ्यात कडबा ठासला, वर दगड ठेवला. तेव्हा तिची सून पुतळाबाई शेजारी उभी होती. धुरपदाबाई म्हणाली, "ध्यानात ठेव. ह्ये पेव जो घाईनं उघडंल, त्याचं वाटुळं व्हईल."

दगडाच्या कडा चिखलानं लिंपायला पाणी कमी पडलं म्हणून पुतळाबाई घागर घेऊन गेली. ती गेल्यावर सासूनं पहारेनं दगड जरासा सरकवला, कडब्यावर काहीतरी अलगद ठेवलं, दगड पुन्हा बसवला आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. ते मी ऐकलं. सून परत आली तोवर बोलणं संपलं होतं. पुढच्या वर्षी धुरपदाबाई गेली आणि ते बोलणं माझ्या एकट्यापाशी राहिलं. मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही त्याच्याजवळ निरोप ठेवू नये.

मग पाऊस रुसला. एक वर्ष कमी, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी, आणि बहात्तर साली तर आभाळ नुसतं निळं. गावातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. रेशनला मिलो, म्हणजे परदेशी तांबडी ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. पुतळाबाईच्या घरात अकरा तोंडं, शेजारच्या कमलबाईकडे सात. पुतळाबाईनं सगळ्या गल्लीला शब्द दिला होता की दिवाळी झाली की सासूबाईंचं पेव उघडू आणि टोपली टोपली सगळ्यांना देऊ. अख्खी गल्ली त्या एका शब्दावर दिवस काढत होती.

आणि नेमका दिवाळीच्याच आठवड्यात बेंबळीच्या बाजाराला तंबूतला सिनेमा आला.

मी तो सिनेमा पाहिलेला नाही. पण पुतळाबाईचा दीर व्यंकट तो पाहून आला आणि माझ्या डोक्यावर बसून त्यानं तो इतक्या वेळा सांगितला की मला पाठ आहे. सिनेमा इंग्रजी होता. तंबूवाल्यांचा एक माणूस भोंगा घेऊन मराठीत समजावून सांगत होता. त्याला इंग्रजी येत असावं असं मला वाटत नाही, पण आवाज दमदार होता. मिसर म्हणजे इजिप्त देशातल्या एका राजाची कबर. तिच्यात पट्ट्या गुंडाळून ठेवलेलं मढं, त्याला म्हणायचं मम्मी. गोरे साहेब कबर फोडतात, शाप लागतो, आणि मम्मी हात पुढे करून एकेकाचा गळा धरत जाते.

कमलबाईची इथंच गफलत झाली. "मम्मी म्हंजे आईच की," ती म्हणाली. "शहरातली लेकरं तसंच म्हणत्यात. कुण्या लेकरानं आईला असं पट्ट्यानं बांधून पुरलं असंल? मंग ती उठणारच."

हे सगळ्या बायकांना पटलं. तिथून त्या मम्मीबद्दल गावात भीती कमी आणि कणव जास्त. पण व्यंकटनं पुढचं सांगितलं आणि सगळं अंगण गार पडलं.

"वहिनी, म्या डोळ्यानं पाह्यलं. जमिनीत भोक, वर दगड, दगडाला चिखल. आत घागरी, घागरीत धान्य. आवो, ती कबर न्हवती, पेवच हुतं त्ये. दगड काडला आन् जो पयला उतरला त्यो तिथंच आडवा." मग त्यानं आवाज खाली आणला. "आन् आपली आय काय म्हणली हुती? ह्ये पेव जो उघडंल, त्याचं वाटुळं व्हईल."

बघा मित्रांनो, एक शब्द गळाला. वहिनीकडून ऐकलेल्या वाक्यातला 'घाईनं' हा शब्द व्यंकटच्या तोंडातून निसटला आणि साधी सूचना शाप होऊन बसली. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात एकच बोलणं की धुरपदाबाईच्या पेवात मम्मी आहे. मी रात्रंदिवस ज्वारी पोटाशी धरून बसलेलो आणि लोक मला कबर म्हणू लागले. माझा असा अपमान कधी झाला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

पुतळाबाईचे मालक आबाराव तसे शांत माणूस. तेही म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मिलो खाऊ. आईच्या शब्दाबाहेर न्हाय जायचं."

पुतळाबाई त्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं दगडावर हात ठेवला. गल्लीला दिलेला शब्द एकीकडे, सासूचा शब्द दुसरीकडे. तिच्या हाताचा भार मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदर खोचून शाळेत गेली आणि बलभीम गुरुजींना घेऊन आली.

गुरुजींचं घर बौद्ध वस्तीतलं. सोलापूरला शिकताना ते मिशनच्या वाचनालयात बसून हाती पडेल ते वाचायचे, त्यात अख्खं बायबलही वाचलेलं. ते आले आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले. आजोबांनी खणलेलं पेव म्हणून माझ्यावर त्यांचा जरा जीव होता.

"व्यंकट, तू पाह्यलास त्यो मिसर देश बायबलात बी हाय," गुरुजी म्हणाले. "पर तिथं शाप कबरीतून न्हाय येत. तिथला राजा, फारो, लोकाला विटा थापाया लावायचा, आन् वर गवत बी तुमचं तुमी हुडका म्हणायचा. त्यांना सोड म्हणलं तर सोडंना. म्हणून त्याच्यावर बेडकं आली, टोळ आले, गारा पडल्या, अंधार पडला. जितेपणी जुलूम केला त्याची ती शिक्षा. मेलेल्याचा तिथं काय संबंध न्हाय."

खडी फोडणाऱ्या बायकांना विटांची गोष्ट लगेच कळली. "आमाला बी टोपली घरचीच आणा म्हणत्यात," कमलबाई म्हणाली. "आमच्या मुकादमाला टोळाचं सांगा की."

"त्याच्या आधीची गोष्ट आइका," गुरुजी म्हणाले. "त्याच देशात योसेफ नावाचा एक कारभारी हुता. सात वर्सं पिकाची आन् सात वर्सं दुष्काळाची येणार, ह्ये त्यानं वळखलं. पीक हुतं तवा धान्य साठवलं. दुष्काळ आला तवा कोठारं उघडली. सगळा मुलूख त्याच्यावर जगला. म्हातारा हून त्यो मेला, तर त्याला बी मसाला भरून पेटीत ठिवलं. म्हंजे त्यो बी मम्मीच की. पुढं लई वर्सांनी त्या विटा थापणाऱ्या लोकांनी देश सोडला तवा त्याची हाडं संगट उचलून नेली. कुणाला काय झालं न्हाय. त्यानंच सांगून ठिवलं हुतं, मला घिऊन जावा म्हणून."

पुतळाबाई हळूच म्हणाली, "म्हंजे पेव राखणाराच मम्मी झाला म्हणा."

मी खाली ताठ झालो. आपल्या जातकुळीची एवढी मोठी गोष्ट पुस्तकात आहे हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

व्यंकट मात्र सहजासहजी सिनेमा सोडणारा नव्हता. "मंग त्या कबरीवर शाप लिवलेला असतोय, त्यो?"

"कुठंकुठं हाय. ह्या जागंला हात लावंल त्याला पाण्यात मगर धरंल, जमिनीवर साप डसंल, असं. आपल्याकडं न्हाय का जुन्या दगडावर लिवत, दान मोडंल त्याचं काय व्हईल ते? कुलूप मिळत न्हवतं, म्हणून शब्दाचं कुलूप. पर लई कबरींवर येगळंच लिवलंय. वाटंनं जाणाऱ्या मानसांनो, माझं नाव घ्या, आन् ह्याला भाकर मिळू दे म्हणा. बस, येवढंच. नाव घेतलं की मेलेला जगतो, असं त्यांचं म्हणणं. आन् पन्नास वर्सांमागं एका साहेबानं राजाची मोठी कबर उघडली, त्यात कुणी आजारी पडून गेला, तर वर्तमानपत्रांनी शाप शाप करून रान उठवलं. ज्यानं भिंत फोडली त्यो साहेब पुढं सोळा वर्सं जगला."

पुतळाबाई कपाळाला हात लावून विचार करत होती. मग ती म्हणाली, "भावजी, आत्यानं 'जो उघडंल' न्हवतं म्हणलं. 'जो घाईनं उघडंल' म्हणलं हुतं. म्या हितंच हुते."

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. पण पेवाला ओरडता येत नाही.

"घाईनं?" आबारावांनी विचारलं. "घाईनं म्हंजे?"

"तेवढंच सांगून आत्या गेली," पुतळाबाई म्हणाली. तरी त्या एका शब्दानं आबारावांचं मन हललं. त्यांनी पहार मागवली. चिखल फोडला, चौघांनी मिळून दगड बाजूला केला. मम्मीला भीत नाही हे दाखवायची व्यंकटला आता भलतीच उबळ आली होती. त्यानं धोतर खोचलं, कडबा बाजूला करून आत उतरायला एक पाय सोडलासुद्धा.

माझ्या पोटात तेव्हा काय होतं ते सांगतो. इतकी वर्षं कोंडलेली ज्वारी आत वाफ धरते, विषारी हवाच ती. ती वाफ दिसत नाही. माणूस खाली उतरला की श्वास अडकतो आणि हाक मारायलाही वेळ मिळत नाही. धुरपदाबाईला ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. आणि व्यंकटचा पाय माझ्या गळ्याशी लोंबत होता.

"थांबा भावजी," पुतळाबाई म्हणाली. "कडब्यावर काय हाय त्ये?"

कडब्यावर एक कंदील होता. काच पुसलेली, वात कापलेली, कडीला लांबलचक दोर बांधून वर नीट वेटोळं केलेलं.

पुतळाबाईनं तो उचलला आणि दोराच्या गाठीवरून बोट फिरवलं. तिला आठवलं. दर वेळी पेव उघडताना सासू आधी कंदील सोडायची. सून समोर उभी असायची, पण सासूच्या कामात डोकं घालायचं नाही म्हणून तिनं कधी का ते विचारलं नव्हतं. "आत्यानं ठिवलाय ह्यो," ती म्हणाली. "आपल्यासाठी."

आबारावांनी व्यंकटला काखेत धरून वर ओढलं. कंदिलात रॉकेल घातलं, पेटवला, कडबा काढून दोरानं माझ्यात सोडला. दोन हात खाली गेला आणि पटकन विझला.

"मम्मीनं फुंकला," व्यंकट पुटपुटला. तो दोन पावलं मागे सरकला.

"मम्मीनं न्हाय, वाफंनं," गुरुजी म्हणाले. "तू उतरला असतास तर तुझं बी असंच झालं असतं. त्या सिनेमातला साहेब काय शापानं मेला नसंल. त्यो घाईनं मेला."

दोन दिवस माझं तोंड उघडं ठेवलं. लिंबाची मोठी फांदी दोराला बांधून बायका ती माझ्यात वरखाली करत होत्या, आतली वाफ हलावी म्हणून. मला गुदगुल्या होत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कंदील सोडला. तो खाली ज्वारीवर जाऊन टेकला आणि जळत राहिला. तेव्हा कुठे व्यंकट उतरला. पहिली टोपली वर आली ती तांबूस, पेवाच्या वासाची, कोमट ज्वारी होती. पुतळाबाईनं तिच्यात दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसले आणि ती रडली. त्या दुपारी गल्लीतल्या प्रत्येक घरात भाकरी थापल्याचा आवाज होता. मघाशी म्हटलं ना, पहिल्या दिवसाचा आनंद पुन्हा एकदा झाला, तो हा.

पुढची गोष्ट थोडी आहे. दुष्काळ सरला, सोसायटी आली, सोसायटीचं पत्र्याचं गोदाम आलं. धान्य तिकडे जाऊ लागलं. माझ्यात कुणी ज्वारी ओतेना. लेकरं दगडावर गोट्या खेळायची, एक शेळी रोज येऊन बसायची. सुरुवातीला मी रुसलो. मग शेळीची सवय झाली.

पण एक गोष्ट गावानं सोडली नाही. त्या कंदिलाचं नावच धुरपदाबाई पडलं. मागच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या आवारातली बंद पडलेली विहीर साफ करायला दोन गडी निघाले. विहिरीला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता. ते उतरणार तोच काठावरून केस पिकलेला व्यंकट ओरडला, "आरं थांबा. आधी धुरपदाबाईस्नी उतरू द्या." कंदील सोडला. तो निम्म्यावर विझला. दोन्ही गडी त्या संध्याकाळी आपापल्या घरी जेवले.

तेव्हा मित्रांनो, मागणं एवढंच. माझ्यावरचा दगड जागचा हलवू नका, कुणाचं लेकरू आत पडायला नको. मला कबर म्हणू नका. आणि जुनी, कोंडलेली, बंद जागा कुठलीही उघडलीत, तर आत पाय टाकायच्या आधी कंदील सोडा. धुरपदाबाईनं त्या दिवशी तो दगडाखाली ठेवताना पुटपुटलेलं मी अजून विसरलेलो नाही. ती म्हणाली होती, "कंदील जगला तर मानूस जगंल."

मिसरचे राजे डोंगराएवढ्या कबरी बांधून, वाटसरूंनो आमचं नाव घ्या म्हणून विनवत बसले. आमच्या बाईनं एक लांब दोर आणि एक कंदील ठेवला. तिचं नाव अजून या गावात रोज कुणीतरी घेतं.